बांधावरचं झाड : संविधानातल्या तीन सूच्या आणि आपलं शिक्षण



सातवीच्या वर्गात संघराज्य शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर तीन चौकटी काढते. संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. मूळ संविधानात त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ विषय होते. संरक्षण, रेल्वे, चलन हे केंद्राकडे. शेती, पोलीस, सार्वजनिक आरोग्य हे राज्याकडे. विवाह, फौजदारी कायदा असे काही विषय दोघांकडे. मुलं हे पाठ करतात, 'जोड्या लावा'मध्ये गुण मिळवतात आणि विसरून जातात. खरं सांगायचं तर मीही बरीच वर्षं तेवढंच शिकवत होते.

यंदा मात्र एका मुलीने हात वर केला. "बाई, सगळं आधीच वाटून दिलंय ना? मग कोर्टात भांडणं कशाला होतात?"

प्रश्न साधा होता आणि मला लगेच उत्तर सुचेना. आमची शाळा खेड्यातली, निम्म्या मुलांच्या घरी शेती. म्हणून मी उलट विचारलं, "सातबाऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं ना? मग बांधावरून भांडणं का होतात?" वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, आमचा आंबाच बांधावर आहे. चुलते म्हणतात आमचा, आमचे दादा म्हणतात आमचा."

मी म्हटलं, "बस्स, हेच उत्तर आहे."

आज तुम्हाला सांगायचंय ते या बांधावरच्या झाडाबद्दल. कारण आपण ज्या विषयावर पोट भरतो, तो 'शिक्षण' हा विषय म्हणजे संविधानातलं असंच बांधावरचं झाड आहे. हे लिहायला घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे सांगते.

कोर्टात जातं कोण?

आपल्याला वाटतं, केंद्र आणि राज्य यांचं भांडण म्हणजे दोन सरकारं समोरासमोर उभी राहतात. तसंही होतं. संविधानाच्या अनुच्छेद १३१ नुसार असे वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. पण अधिकार-विभागणीचे कितीतरी मोठे खटले तिथून आलेले नाहीत. ते आले आहेत साध्या माणसांकडून. एखादा विद्यार्थी, एखादा दुकानदार, एखादी शिक्षणसंस्था. त्यांना कुठलातरी कायदा 'नाही' म्हणतो. ते उच्च न्यायालयात जातात आणि म्हणतात, "हा कायदा चांगला की वाईट ते राहू द्या. ज्याने तो केला, त्याला तो करायचा अधिकार होता का, ते आधी सांगा."

उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अपील सर्वोच्च न्यायालयात. अनुच्छेद १३२ खास यासाठी आहे : संविधानाचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर अपिलाचा मार्ग मोकळा. आणि असा प्रश्न ठरवायला किमान पाच न्यायाधीश बसावेत, असं अनुच्छेद १४५ सांगतो.

स्वातंत्र्यापूर्वीही ही भांडणं होती. १९३५ च्या कायद्याने केंद्र आणि प्रांत यांच्यात विषय वाटले होते आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचं. तिथला १९४७ चा एक निकाल आपल्या मुलांना सहज कळेल असा आहे. बंगाल प्रांताने १९४० मध्ये सावकारीवर कायदा केला. कर्जदाराकडून किती वसूल करता येईल यावर मर्यादा घातली. खुलना इथल्या एका बँकेने आक्षेप घेतला : आमचं कर्ज वचनचिठ्ठीवर दिलेलं आहे, वचनचिठ्ठी हा केंद्राचा विषय, तेव्हा प्रांताला इथे हात घालता येणार नाही.

प्रिव्ही कौन्सिलने कायदा वैध ठरवला. कायद्याचा गाभा काय आहे ते पाहा, असं तत्त्व त्यात आहे. गाभा सावकारीचा, सावकारी प्रांताची. वचनचिठ्ठीला ओझरता धक्का लागला म्हणून कायदा बाद होत नाही.

वर्गात मी हे असं सांगितलं : झाडाचं खोड कुठे आहे ते बघायचं. फांदी शेजाऱ्याच्या शेतावर गेली, तरी झाड शेजाऱ्याचं होत नाही. मुलांना पटलं. पण खोडच बांधावर असेल तर? तिथे आपली गोष्ट सुरू होते.

अहमदाबादचा एक विद्यार्थी

मूळ संविधानात शिक्षण हा राज्यसूचीतला विषय होता, विद्यापीठांसकट. पण त्याला एक अट जोडलेली होती : संघसूचीतल्या काही नोंदी सोडून. त्यांतली ६६ क्रमांकाची नोंद सगळ्यात महत्त्वाची. उच्च शिक्षणाच्या संस्थांमध्ये समन्वय राखणं आणि दर्जा ठरवणं हे काम केंद्राचं. म्हणजे शिक्षण राज्याचं, पण उच्च शिक्षणाचा दर्जा केंद्राचा. आता सांगा, शिक्षण कुठे संपतं आणि दर्जा कुठे सुरू होतो?

१९६१ साली अहमदाबादच्या एका कॉलेजात हा प्रश्न उभा राहिला. विद्यार्थ्याचं आडनाव मराठी. मार्च १९६० मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याची एस.एस.सी. पास झालेला. त्यानंतर काही आठवड्यांत, १ मे रोजी, राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी विभागणी झाली. मुलाने पहिलं वर्ष इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत पूर्ण केलं आणि इंटरलाही तीच तुकडी मागितली. प्राचार्यांनी सांगितलं, गुजरात युनिव्हर्सिटीच्या नियमांनुसार आता शिकवण्याचं माध्यम गुजराती किंवा हिंदी. (गांधीजींनी स्थापन केलेलं गुजरात विद्यापीठ वेगळं, ही युनिव्हर्सिटी वेगळी. मुलांना सांगताना गल्लत होऊ देऊ नका.)

वडिलांनी युनिव्हर्सिटीकडे परवानगी मागितली. उत्तर काय आलं असेल? परीक्षा इंग्रजीत द्यायला हरकत नाही, पण इंग्रजी तुकडीत बसून शिकता येणार नाही! आपण शिक्षक आहोत, आपल्याला यातली गंमत आणि दुःख दोन्ही कळतं.

वडील उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. युनिव्हर्सिटीने सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. सप्टेंबर १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठाने पाच विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला. एक, युनिव्हर्सिटीच्या कायद्याने तिला गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार दिलेला नाही. दोन, उच्च शिक्षणात माध्यमाचा प्रश्न जिथे दर्जा आणि समन्वय यांना भिडतो, तिथे अधिकार संसदेचा.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. त्यांच्या मते माध्यम हा शिक्षणाचाच भाग, म्हणून तो राज्याच्या अखत्यारीतला. गंमत पाहा, १९६४ मध्ये म्हैसूर राज्यातल्या प्रवेशांच्या एका खटल्यात त्यांनीच बहुमताचा निकाल लिहिला आणि १९६२ च्या निकालाचा अर्थ थोडा आवरला : राज्याच्या कायद्याने केंद्राचं क्षेत्र फारच मोठ्या प्रमाणात झाकोळलं, तरच तो बाद. खोड बांधावर असलं की मोजणी दर वेळी नव्याने करावी लागते, ती अशी.

मला मात्र त्या मुलाच्या तारखा खुणावतात. प्रवेशाचा प्रश्न १९६१ च्या उन्हाळ्यातला. अंतिम निकाल सप्टेंबर १९६२ मधला. इंटरचं वर्ष कोणासाठी थांबत नाही.

आणि न्यायालयाने काय सांगितलं नाही, हेही बघा. मातृभाषेतून शिकावं की इंग्रजीतून, यावर आपण पालकसभेत तासतास बोलतो. त्या प्रश्नाचं उत्तर या निकालात शोधू नका. तिथे प्रश्न एवढाच होता : हे ठरवायचं कोणी?

१९७६ : झाड दोघांचं

आणीबाणीच्या काळात १९७६ मध्ये ४२ वी घटनादुरुस्ती झाली. पाच विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. त्यांत वनं, वन्य प्राणी व पक्ष्यांचं संरक्षण, वजनं-मापं हे होते, आणि शिक्षणही. समवर्ती म्हणजे कायदा दोघांनाही करता येतो, पण विसंगती आली तर सर्वसाधारणपणे संसदेचा कायदा वरचढ. ६६ क्रमांकाची नोंद मात्र होती तिथेच, संघसूचीत राहिली.

आता आपल्या घरातली गोष्ट.

महाराष्ट्र सरकारचं अपील

१९९३ मध्ये संसदेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा केला. आपण सगळे जिला एनसीटीई म्हणतो ती. डी.एड., बी.एड. अशा अभ्यासक्रमांना मान्यता द्यायचं काम तिच्याकडे आलं. पुढे बी.एड. कॉलेजांसाठी अर्जांची रीघ लागली. महाराष्ट्र सरकारने धोरण ठरवलं की नव्या बी.एड. कॉलेजांना संमती द्यायची नाही. कारण सरळ होतं : राज्यात प्रशिक्षित शिक्षक आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत.

संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. राज्य सरकार अपिलात गेलं. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालय' या नावाने ओळखला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २००६ रोजी दिला. सरकार हरलं. न्यायालयाने म्हटलं, हे क्षेत्र संसदेच्या कायद्याने व्यापलेलं आहे. तो कायदा ६६ क्रमांकाच्या नोंदीखाली येतो. राज्याने आपलं मत परिषदेला जरूर कळवावं, पण आपल्या धोरणाच्या आधारावर राज्याला कॉलेज अडवता येणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने निकाल स्पष्ट आहे. मोजणी झाली, खुंट्या ठोकल्या, झाड कोणाकडे ते ठरलं.

आता ते दुसरं कारण सांगते.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात"

ज्या आठवड्यात वर्गात तो प्रश्न आला, त्याच आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. मुलीचा दाखला हवा होता. वर्गात नेहमी पहिल्या तिघांत असायची. २००८ मध्ये बारावी झाली तेव्हा ती आणि तिचे वडील माझ्या घरी आले होते. वडील म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसं." मी सांगितलं, "डी.एड. करू दे. दोन वर्षांत नोकरी. मुलीच्या जातीला शिक्षिकेसारखं दुसरं काही नाही."

वडिलांनी एक म्हैस विकून फी भरली. तिने डी.एड. चांगल्या गुणांनी पूर्ण केलं. मग भरतीची वाट. २०१३ मध्ये टीईटी आली, ती दिली. मग अभियोग्यता चाचणी, तीही दिली. मधल्या काळात लग्न, दोन मुलं. आता ती घरी शिकवण्या घेते आणि हंगामात नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या पॅकिंगला जाते.

दाखला घेताना ती हसत म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात." रागाने नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी तो २००६ चा निकाल काढून वाचला. निकाल बी.एड.चा होता, हिचं डी.एड. पण मान्यतेची व्यवस्था दोन्हीकडे तीच. आणि वाचताना एक गोष्ट लख्ख दिसली. राज्य सरकार खटला हरलं, याचा अर्थ त्याचं म्हणणं खोटं ठरलं असा नव्हता. 'शिक्षक गरजेपेक्षा जास्त आहेत' हे वाक्य खरं की खोटं, यावर निकाल अवलंबून नव्हताच. ते खरं असलं, तरी कॉलेज थांबवायचा अधिकार तुमचा नाही, एवढंच ठरलं.

म्हणजे ते वाक्य तसंच हवेत राहिलं. ज्याच्याकडे मान्यतेचा अधिकार होता, त्याच्याकडे भरतीची जबाबदारी नव्हती. ज्याला भरती करायची होती, त्याला कॉलेजं थांबवता येत नव्हती. आजही किमान पात्रता दिल्लीत ठरते आणि नेमणूक राज्यात होते. दोन्ही शेतांच्या मध्ये जे पाणी साचलं, त्यात आपल्या मुली उभ्या होत्या. मीच त्यांतल्या एकीला तिथे नेऊन सोडलं होतं.

पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातल्याच डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद आला आणि २०११ मध्ये न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या अहवालात वादातल्या बहुतेक संस्था निकषांत बसत नाहीत, असं दिसून आलं. म्हणजे अधिकार कोणाचा हे ठरल्यावर, तो नीट वापरला जातो का, हा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहिलाच.

मग राज्याकडेच सगळं असतं तर बरं झालं असतं का? मला तसं म्हणायचं नाही. राज्याने मर्जीतल्या संस्थांना होकार आणि बाकीच्यांना नकार दिला असता, तर आपणच ओरडलो असतो. अहमदाबादच्या त्या वडिलांना दाद मागायला जागा मिळाली, ती अधिकार वाटलेले होते म्हणूनच. एकाच मालकाच्या शेतात बांध नसतो, पण तिथे गड्याला दाद मागायलाही कोणी नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मोजणीदार बांध कुठे आहे ते सांगतो. शेतात काय पेरावं ते तो सांगत नाही. आणि पीक गेलं तर नुकसानही भरून देत नाही. पेरायचं काय, हे आपल्यालाच डोळे उघडे ठेवून ठरवावं लागतं.

वर्गात करून पाहा

शिक्षक मित्रांनो, तीन चौकटी जरूर काढा. पण नंतर मुलांना घरातल्या वस्तू आणि कागद आणायला सांगा. रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला, रेल्वेचं तिकीट, औषधाची पट्टी. प्रत्येकाचं खोड कोणत्या चौकटीत आणि फांदी कोणत्या चौकटीत, ते मुलांनी ठरवू द्या. भांडू द्या. मग दोघांना वकील करा, तिघांना न्यायाधीश. न्यायाधीशांना एकच नियम : निकालात 'हे चांगलं' किंवा 'हे वाईट' असं म्हणायचं नाही, फक्त 'हे कोणी ठरवायचं' ते सांगायचं. मुलांना ते किती अवघड जातं, ते बघा. मोठ्यांनाही जातं.

आणि पालकहो, तुमच्यासाठी एक विनंती. एखाद्या अभ्यासक्रमावरून, प्रवेश परीक्षेवरून कोर्टाचा निकाल आला की आपण विचारतो, "कोण जिंकलं?" त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : "जो हरला, तो काय म्हणत होता?" कधी कधी आपल्या मुलासाठी सगळ्यात कामाची माहिती हरलेल्याच्या म्हणण्यात असते. ती माहिती २००६ मध्ये छापून आलेली होती. मी शिक्षिका असून ती वाचली नाही, आणि २००८ मध्ये एका बापाला छातीठोक सल्ला दिला.

माझ्या त्या विद्यार्थिनीची मुलगी आता पाचवीत जाईल. दाखल्यावर सही करताना मी तिला विचारलं, "मोठेपणी काय व्हायचंय?" ती आईकडे बघून म्हणाली, "बाई."

या वेळी मी लगेच 'छान' म्हटलं नाही. म्हटलं, "हो, होशील. पण बारावी झालीस की आधी माझ्याकडे ये. आपण दोघी मिळून सगळी माहिती काढू, मग ठरवू."

तिच्या आईने मान हलवली. तुमच्याकडे असं कोणी सल्ला विचारायला आलं, तर तुम्हीही एवढं नक्की करा.